किंचित दोष

बगाडेकाकूंनी तो फॉर्म हात लांब करून धरला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

“हेमे, हे वाच. शेवटून तिसरा रकाना.”

मी वाचलं. ‘शारीरिक व्यंग असल्यास’ असं छापलेल्या जागी निळ्या शाईनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘लंगडा. उजवा पाय.’

“असं कुणी लिहितं का?” काकू म्हणाल्या.

कुणीच लिहीत नसे. साताऱ्यात आमच्या शिंपी समाजाचं वधू-वर सूचक मंडळ होतं. बगाडेकाकू ते चालवायच्या आणि मी दुपारी दोन ते सहा तिथं कार्डं लिहायची. गोष्ट त्र्याऐंशी सालातली, मी चोवीस वर्षांची. गावोगावचे फॉर्म यायचे, त्यावरून मी कार्ड करायची, पण कार्डावर कुठला शब्द जायचा ते काकू ठरवायच्या. काळी मुलगी सावळी व्हायची, सावळी गव्हाळ व्हायची. पायानं, हातानं, डोळ्यानं कमी असलेलं कुणी आलं की काकू आपला ठेवणीतला शब्द बाहेर काढायच्या : किंचित. किंचित अधू. किंचित दोष. त्यांच्या मनात पाप नव्हतं. माणूस एकदा दारात तर येऊ दे, पुढचं पुढं, असं त्यांचं म्हणणं.

पण आमची सगळी गिऱ्हाइकं शिंपी, मापात सहसा फसत नाहीत. त्यांनी काकूंचं ‘किंचित’ केव्हाच ओळखलं होतं. ‘पायाने किंचित अधू’ वाचलं की लोक कुबडीच गृहीत धरायचे. ‘जरा कमी ऐकू येते’ म्हणजे ठार बहिरा. परिणाम असा झाला की ज्याचं खरोखरच थोडं असायचं, त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवेना.

“किंचित म्हणजे कुबडी असेल,” मी म्हटलं, “तर लंगडा म्हणजे काय असेल काकू?”

“पायच नसेल.” मग काकूंनी जरा विचार केला. “नाहीतर पाय पुढं करून दुसरंच काही झाकत असेल. फेपरं असेल. मोठं लपवायचं असलं की माणूस लहान दाखवतो.”

मला ते पटलं. संशय माझ्या स्वभावातच आहे. दूधवाल्यानं माप भरून वर चार थेंब जास्त टाकले तरी मी दूध हुंगून बघते. आणि मंडळात दोन वर्षं काढल्यावर तर मला छापील पंचांगातली तिथीसुद्धा खरी वाटेनाशी झाली होती.

फॉर्म होता विश्वनाथ लोकरे यांचा. वय चौतीस, गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, मुक्काम कळंबवाडी, वडूजच्या पुढं. आई-वडील नाहीत, एक भाऊ मुंबईला. फोटो कमरेपर्यंतचा. फोटो कमरेपर्यंतचाच का, हेही मी मनात टिपून ठेवलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी हा किस्सा घरात सांगितला. खरं तर सांगायला नको होता, कारण तो शब्द आमच्या घरात चालत नसे. माझी थोरली बहीण शरयू दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे होता, पण बारीक राहिला. चालताना ती डावा हात गुडघ्यावर दाबून धरायची आणि प्रत्येक पावलाला अर्धी वाकायची. पण आमच्या आईनं त्या गोष्टीला नावच पडू दिलं नाही. गल्लीतली पोरं लंगडी खेळायची, तर आमच्याकडे त्याला ‘एका पायाचा खेळ’ म्हणत. शेजारचं कुत्रं लंगडायला लागलं तेव्हा आई म्हणाली, त्याचा पाय दुखतोय. शरूच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पायात किंचित दोष’. खाली रिवाजाप्रमाणे अक्षराचा नमुना म्हणून दोन ओळी तेवढ्या तिच्या हातच्या होत्या.

शरू एकोणतीस वर्षांची होती. सात जण येऊन बघून गेले होते. प्रत्येकाची एकच रीत. गप्पा चाललेल्या असताना मधेच म्हणायचं, “बाळ, जरा आतून पाणी आण बरं.” शरू उठायची, हात गुडघ्यावर ठेवायची, आणि पाणी येईपर्यंत पाहुण्यांचे चेहरे बदललेले असायचे. ती सासरी गेली की माझा नंबर, असं सगळे धरून होते, मीही होते.

“पुन्हा सांग, काय लिहिलंय त्यांनी?” शरूनं विचारलं.

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. मी ताटात बघत म्हटलं, “तेच. पायाचं.”

“शब्द सांग.”

“लंगडा. उजवा पाय.”

“अक्षर कसंय?”

हा काय प्रश्न झाला? “चांगलंय. ठसठशीत.”

शरूनं भात कालवला. “मग माझं कार्ड पाठव त्यांना.”

आई म्हणाली, “जो माणूस स्वतःला तसं म्हणतो, तो उद्या माझ्या पोरीलाही तोंडावर तसंच म्हणेल. काही गरज नाही.” अण्णा, म्हणजे आमचे वडील, शिंपी असले तरी बोलणं कापायचं काम त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. कार्ड पाठवू, पण पुढचं बोलण्याआधी चौकशी करू. आता चौकशीला जायचं कुणी? दिवाळी तोंडावर आलेली, दुकानात कपड्यांचे ढीग, अण्णांना मशीनवरून उठायला फुरसत नव्हती. कळंबवाडीत नात्याचं कुणी नाही. मंडळाच्या कामानं मी चार-दोन ठिकाणी चौकशा केलेल्या होत्या. साहजिकच मलाच निघावं लागलं.

अडचण एवढीच होती की गुरांच्या दवाखान्यात माणसानं कसल्या निमित्तानं जायचं? म्हणून मी आमचं मांजर घेतलं. तिचं नाव ठकी. तिला कापडी पिशवीत घातलं, चेन थोडी उघडी ठेवली आणि सकाळची वडूजची एस.टी. धरली.

निघताना शरू दारापर्यंत आली.

“हेमे, काय दिसेल ते येऊन सांग,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं ते नको सांगू.”

मला ते लागलं. पण ती हसत नव्हती. सातजणांच्या वेळी ती आत बसून ब्लाउजांना काजं करत असायची, कोण येतंय ते विचारायचीसुद्धा नाही. या वेळी तिनं मला पिशवी धरायला मदत केली, मांजराला घट्ट बांधू नको म्हणाली, आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी होती. तिला हे स्थळ हवं होतं. मला ते तेव्हाच कळलं आणि म्हणूनच मी जास्त सावध झाले.

एस.टी.त ठकीनं रहिमतपूरपर्यंत बोंब मारली. कंडक्टर म्हणाला, “बाई, मांजराला कुठं न्यायचं ते वडूजला? तिकडं काय उंदीर कमी पडलेत?” मी तिकिटाचे पैसे पुढं केले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि अंगणात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. डॉक्टर वाडीवर गेले होते. पडवीत एक म्हातारा म्हैस घेऊन बसला होता.

“बसा,” तो म्हणाला. “लंगडं डॉक्टर यील येवढ्यात.”

माझ्या अंगावर काटा आला. “तुम्ही त्यांना असं म्हणता?”

“मग काय म्हनायचं? आदीचं टकलं डॉक्टर व्हतं. हे लंगडं हाय. दोगांचं नाव डॉक्टरच की.” त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “हाताला लई गुन हाय बगा. रातचं बोलवा, दुपारचं बोलवा, नाय म्हननार न्हाई.”

मी जरा सरकून बसले आणि आवाज खाली आणला. “त्यांना कधी चक्कर वगैरे येते का हो? पडतात वगैरे?”

“कुनाला, म्हशीला?”

“डॉक्टरांना.”

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी कुटनं आलासा?”

तेवढ्यात फाटकातून तो माणूस आत आला. सायकल हातात धरून चालत होता. उजवा पाय बाहेरून गोल फिरवत टाकायचा आणि त्या बाजूचा खांदा खाली जायचा. लांबून कळत होतं. झाकायचा काही प्रयत्न नव्हता, पँटसुद्धा घोट्याच्या वर दुमडलेली. त्यांनी आधी म्हैस बघितली, म्हाताऱ्याशी बोलले, मग हात धुऊन माझ्याकडे आले.

“काय होतंय मांजराला?”

आमच्या घरात ज्या शब्दाला बंदी होती तो मी बिनदिक्कत तोंडातून काढला.

“लंगडते.”

“कुठल्या पायानं?”

एवढा विचार मी केलेला नव्हता. “मागच्या.”

“मागच्या कुठल्या?”

“डाव्या.”

त्यांनी ठकीला पिशवीतून काढलं, टेबलावर ठेवलं, डावा पाय वरपासून पंज्यापर्यंत चाचपला. मग उजवाही चाचपला. ठकी, जी घरी कुणाला शेपटीला हात लावू देत नाही, ती डोळे मिटून बसली. त्यांनी तिला जमिनीवर सोडलं. ती शेपूट ताठ करून भिंतीपर्यंत ऐटीत चालत गेली आणि एका उडीत औषधाच्या कपाटावर जाऊन बसली.

“ही लंगडत नाही,” ते म्हणाले.

“घरी लंगडत होती.”

“घर कुठं तुमचं?”

“इथंच,” मी म्हटलं. “जवळच.”

“सातारा?” त्यांनी पंच्याला हात पुसले. “बगाडेबाईंकडून एक कार्ड आलंय मला मागच्या आठवड्यात. पतंग्यांचं.”

पतंगे म्हणजे आम्हीच. माझं तोंड लाल झालं असणार. त्यांना राग आलेला दिसला नाही, हसूही आलेलं दिसलं नाही.

“मांजर ठीक आहे,” ते म्हणाले. “आता मी चालून दाखवतो. तुम्ही बसा.”

आणि ते खरंच अंगणातून फाटकापर्यंत चालत गेले, तिथं वळले आणि परत आले. नेहमीच्या वेगानं, ना हळू, ना भराभर. म्हातारा बिडी हातात धरून बघत राहिला. त्याला काय चाललंय ते कळेना. आणि मी? मी बघत होते. नीट, लक्ष देऊन. पाऊल कसं पडतं, तोल जातो का, दम लागतो का. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटली नाही. उलट मनात आलं, एवढंच आहे तर मग एवढा मोठा शब्द का?

तेच मी विचारलं. “तुम्ही फॉर्मात असं का लिहिलंत?”

“कसं?”

“तुम्हाला माहीत आहे कसं.”

ते स्टुलावर बसले. “आमच्या रजिस्टरात बैल आला तर मी काय लिहितो? लंगडतो, मागचा उजवा. ‘किंचित अधू’ लिहिलं तर वरचे साहेब विचारतील, हे काय आहे?” मग थोडं थांबून म्हणाले, “पहिल्या खेपेला, चार वर्षांपूर्वी, बगाडेबाईंनी माझं कार्ड सुधारलं होतं. किंचित अधू. कराडच्या मंडळींकडे गेलो. ओटीवर सगळे बसलेले, मी रस्त्यावरून येताना त्यांना दिसलो. मुलीचा मामा मोठ्यांदा म्हणाला, ‘हे किंचित?’ मुलगी आतून ऐकत होती. मी पोहे न खाताच परत आलो. त्यांची काय चूक? त्यांना सांगितलं एक आणि गेलं दुसरंच.”

“म्हणून आता मुद्दाम वाढवून लिहिता?”

“वाढवून काय लिहिलंय? मी लंगडा आहे. वाचून जे कोण येईल ते वाचून येईल. मग माझ्या चालण्याकडे बघत बसणार नाही, माझ्याकडे बघेल.”

हे ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच मी सावध झाले. मंडळात गोड बोलणारे फार बघितले होते. कराडचं फिसकटलं ते पायामुळंच, हे त्यांचं म्हणणं, कराडकर काय सांगतात कुणाला ठाऊक?

“आता मी विचारू?” ते म्हणाले. “तुमच्या बहिणीच्या कार्डावर ‘किंचित दोष’ लिहिलंय. बगाडेबाईंचं किंचित मला माहीत आहे. तुम्ही सख्ख्या बहीण ना? खरं सांगा. किंचित म्हणजे किती?”

म्हैस खोड्यात उभी होती, तिच्याकडे बघत मी उत्तर शोधत होते. खरं म्हणजे शोधायचं काही नव्हतंच. डावा पाय, हात गुडघ्यावर ठेवून चालते. सहा शब्दांचं काम. समोरचा माणूस तेच ऐकायला बसला होता, आणि ऐकून उठून जाणाऱ्यांतला तो नव्हता. पण माझी जीभ मंडळाच्या वळणावर गेली. तिला दुसरं वळण ठाऊकच नव्हतं.

“काही नाही हो,” मी म्हटलं. “चालताना कळतसुद्धा नाही.”

“काठी?”

“छे.”

“जिना चढते?”

“धावत चढते.”

त्यांनी स्टूल जरा मागं सरकवलं. मला वाटलं, आता म्हणतील, खोटं बोलताय. ते म्हणाले असते तर किती बरं झालं असतं. पण या एका माणसाला समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची खोड होती.

“मग तिला माझ्यासारखा कशाला बघताय?” ते म्हणाले. “कळत नाही इतकंच असेल तर तिला चांगलं स्थळ मिळेल. वय वाढतंय म्हणून घाई करू नका. माझ्याबरोबर रस्त्यानं निघाली की लोक आधी मला बघतील, मग तिला बघतील आणि हळहळतील. जिला त्याची सवय नाही तिनं ते कशाला सोसायचं?”

“म्हणजे तुमचा नकार?”

“विचार करून कळवतो.” मग उठून ते कपाटावरून ठकीला उतरवायला गेले. “आलाच आहात तर मांजराला जंताचं औषध देतो. पोट फुगलेलं वाटतंय.”

परतीच्या एस.टी.त मी सगळं मनात नीट लावलं. नकार द्यायला हा माणूस कारणच शोधत होता. मुलीचा पाय चांगला निघाला म्हणून कुणी स्थळ नाकारतं का? नक्कीच दुसरं काही आहे. मी काय बोलून बसले होते ते माझ्या लक्षातच आलं नाही, असं म्हणणार नाही. लक्षात होतं. पण दुसऱ्यावर संशय घेत राहिलं की स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही.

घरी मी मांजराची गोष्ट रंगवून सांगितली. “कुठल्या पायानं लंगडते?” हे मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे हसले. आईसुद्धा हसली, मांजराबद्दलचं असल्यामुळं तिनं शब्दाला हरकत घेतली नाही. शरू सगळ्यांत जास्त हसली. मग पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, “आणि ते कसे आहेत?”

“चालतात बरे. पण माणूस मला सरळ वाटला नाही.”

“वाटतं ते नको म्हटलं होतं.”

“विचार करून कळवतो म्हणाले.”

“माझं काही विचारलं?”

“विचारलं. चांगलंच सांगितलं मी.”

“चांगलं म्हणजे काय?”

“चांगलं म्हणजे चांगलं,” मी म्हटलं आणि ठकीला दूध घालायला उठले.

आठ दिवसांनी शरू मंडळात आली. बगाडेकाकूंचे दोन ब्लाउज तिनं शिवले होते, ते द्यायला. मंडळ माडीवर, तो जिना चढायला तिला पाचसात मिनिटं लागायची. ती वर पोचून खुर्चीत बसली, आणि काकूंनी आलेल्या टपालातून एक पोस्टकार्ड वर काढलं.

“लोकऱ्यांचं आहे गं. बरं झालं तूच आलीस.” आणि त्यांनी चष्मा लावून मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. मला थांबवता आलं नाही. थांबवायला काय कारण सांगणार होते?

“‘सौ. बगाडे यांस स. न. वि. वि. कु. शरयू पतंगे यांच्या भगिनी समक्ष भेटून गेल्या. सदर मुलीस चालताना जाणवेल असा कोणताही दोष नसून ती जिनाही धावत चढते, असे त्यांनी सांगितले. अशा मुलीने केवळ वयापोटी माझ्यासारख्या लंगड्या माणसास होकार द्यावा हे मला योग्य वाटत नाही. तरी त्यांचे कार्ड परत पाठवीत आहे. मुलीच्या अक्षराचा नमुना आवडला होता, हे तिला कळवावे. मांजर बरे असेल.’”

काकू थांबल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. शरूनं ते कार्ड त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः एकदा वाचलं. मग पिशवीत ठेवलं.

“ब्लाउजाचे हात जरा सैल ठेवलेत काकू,” ती म्हणाली. “घालून बघा.”

मी काम टाकून तिच्याबरोबर निघाले. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आई देवळात गेली होती, अण्णा दुकानात. शरूनं पिशवी खुंटीला लावली, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि मला समोर बसायला सांगितलं.

“माझ्या पायाला काय म्हणतात, हेमे?”

“शरू, मी तुझ्या भल्यासाठी...”

“ते नंतर. काय म्हणतात ते सांग.”

“अधू,” मी म्हटलं.

“आणखी?”

“शरू, जाऊ दे ना.”

“मांजराला म्हणालीस की.”

मी रडायला लागले. मला वाटलं ती जवळ घेईल, नेहमी घ्यायची. ती बसून राहिली.

“आई म्हणत नाही, कारण तिला वाटतं न म्हटलं की नाहीसं होईल,” ती म्हणाली. “अण्णा म्हणत नाहीत. तू म्हणत नाहीस. ते सात जण आले, तेही म्हणाले नाहीत, पाणी मागितलं आणि गेले. मला लहानपणी वाटायचं, मला काहीतरी फार भयंकर झालंय. एवढं भयंकर की त्याला नावसुद्धा नाही. मग एक माणूस ते नाव शाईनं लिहून पाठवतो. त्यांच्याकडे मी तुला पाठवलं. फक्त बघून यायला.” तिचा आवाज इथं फाटला. “आणि तू त्यांना चालायला लावलंस. आपल्या घरात मला सात वेळा चालायला लावलं, ते बघितलंयस तू.”

“मी नाही लावलं, ते आपणहून...”

“बघत तर बसलीस.”

 मांजराची गोष्ट सांगताना ते फाटकापर्यंतचं चालणंही मीच रंगवून सांगितलं होतं.

तिनं अण्णांच्या हिशेबाच्या वहीतून एक कोरं पोस्टकार्ड काढलं, मशीनच्या फळीवर ठेवलं आणि लिहिलं. फार वेळ लागला नाही. लिहून झाल्यावर माझ्यासमोर धरलं, वाचायला. पत्ता, तारीख, आणि खाली एवढंच : ‘माझ्या बहिणीने सांगितले ते खरे नाही. मी लंगडी आहे. डावा पाय, हात गुडघ्यावर ठेवून चालते. जिना सावकाश चढते. आपण यावे.’ खाली सही, शरयू पतंगे.

“दे,” मी नाक पुसत म्हटलं. “मी टाकून येते. सहाचं टपाल निघायचं आहे.”

मी हात पुढं केला. तिनं कार्ड मागं घेतलं.

“नको.”

“अगं पेटी पार चौकात आहे.”

“माहीत आहे मला.”

ती उठली. एका हातात कार्ड, एक हात गुडघ्यावर. एकटी अशी ती गल्लीतून सहसा जात नसे. कुणीतरी बरोबर लागायचंच, आणि आम्ही मुद्दाम तिच्या डाव्या बाजूनं चालायचो, लोकांना दिसू नये म्हणून. त्या दिवशी मी दारात थांबले. उतरतं ऊन होतं, बायका ओट्यावर करंज्यांचं सारण करत बसल्या होत्या. त्यांनी माना वर केल्या. शरू वाकत, उठत, वाकत, उठत सबंध गल्ली चालत गेली. तिच्या चालण्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बघितलं. चौकात पेटीशी पोचल्यावर तिनं कार्ड आत टाकलं, आणि ते नीट पडलं का हे बघायला फटीतून वाकून बघितलं.

लोकरे पाडव्याला आले. मार्गशीर्षात लग्न झालं. मी वाटेल ते बोलले असं भाऊजी कधीच म्हणाले नाहीत, उलट अजून मला मांजराची तब्येत विचारतात, ठकी जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी. शरूनंही नंतर माझ्याशी अबोला धरला नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांना ती आली होती. आमचं सगळं चांगलं आहे.

मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं शरूचा फोन आला. तिनं विचारलं, “चालतेस का आता?”

“छान चालते,” मी म्हटलं. “काही कळतसुद्धा नाही.”

 ती म्हणाली, “फोन सूनबाईकडे दे.”

मी दिला.